चार बोटं उंच जीप आणि धुरपदाबाईचं दूध

एका चांगल्या चालत्या जीपला मी एकदा इतकं उंच आणि इतकं ताठ केलं, की पिशोरहून शहरात येईपर्यंत तिच्यातल्या दुधाचं लोणी व्हायला लागलं. यात चमत्कार काही नव्हता. ती माझी अक्कल होती. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे पन्नास पूर्ण. नातवंडं हे ऐकून हसतात. पण आपल्याला सगळं कळतं असं बाईला वाटायला लागायचं वय पन्नासच असतं. पंचविशीत सासू तसं वाटू देत नाही आणि सदुसष्टीत गुडघे वाटू देत नाहीत.

आमचं कमानीचं दुकान. ज्यांनी आयुष्यभर गाडीत बसून खिडकीबाहेरच पाहिलं, त्यांच्यासाठी सांगते. जीप, ट्रक, टेम्पो यांच्या चाकांच्या वर वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची एक चळत असते. सगळ्यात लांब पट्टी वर, तिच्याखाली जरा आखूड, तिच्याखाली आणखी आखूड. ही चळत म्हणजे कमान आणि तिच्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. खड्डा आला की चाक वर उठतं, पाटे दबतात आणि धक्का त्यांच्यात जिरतो. जो जिरत नाही तो तुमच्या कमरेत जातो. पाटे तुटले, बसले, झिजले, की लोक आमच्याकडे येतात. आणि हल्ली तर काही न होताही येतात, गाडी उंच करून घ्यायला.

उंच करायचं वेड जुनंच आहे, फक्त आता मोबाइलवर व्हिडिओ दाखवून करतात. मागच्या वर्षी शहरातल्या कॅनॉट भागातला एक मुलगा आला. नवी कोरी चारही चाकं ओढणारी गाडी. म्हणाला, “आजी, पाच इंच उचला.” मी विचारलं, “बाळा, रोजच्या वाटेत डोंगर कुठला लागतो?” तो म्हणाला, “डोंगर नाही, दोन स्पीडब्रेकर.” मी त्याला परोपरीनं सांगितलं, पण ज्याला व्हिडिओतली गाडी हवी त्याला म्हातारी कशी थांबवणार? त्यानं दुसरीकडून उचलून घेतली. आता ती त्याच्या सोसायटीच्या पार्किंगच्या छताखाली मावत नाही. बाहेर कडुलिंबाखाली उभी असते आणि वरच्या कावळ्यांनी तिची जी दशा केली आहे, ती मी रिक्षातून जाताना मुद्दाम वळून बघते. वाईट सवय आहे, पण आहे.

गाडी उचलायच्या वाटा दोन-तीनच. सोपी वाट म्हणजे चळतीत नवे पाटे घालायचे. उंची झटपट मिळते, पण कमान ताठ होते. मोकळ्या गाडीत बसलात तर टोपलीतल्या भोपळ्यासारखे उडाल. दुसरी वाट कष्टाची. जुने पाटे सोडवायचे, भट्टीत तापवून ठोकायचे आणि त्यांना मुळात होता त्यापेक्षा जरा जास्त बाक द्यायचा. उंची थोडीच मिळते, पण कमानीचा मऊपणा राहतो. तिसऱ्या वाटेत पाटा आणि एक्सलच्या मध्ये ठोकळा बसवतात. त्याबद्दल मी इथं काही बोलत नाही, कारण दिवाळीच्या तोंडावर वाईट बोलू नये.

आमच्याकडे उंची बोटांनी मोजतात. चाकाच्या माथ्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत जी फट असते, तिच्यात आडवी बोटं घालायची. गिऱ्हाइकही तसंच मागतं, “एक बोट उचला”, “दोन बोटं उचला.” दोन बोटांच्या वर माणूस गेला की समजावं, त्याच्या वाटेत तरी काही अडतंय किंवा डोक्यात तरी.

त्या वर्षी आमच्या ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गणपती नुकतेच होऊन गेलेले. डोळ्याला हिरवी पट्टी, धूळ चालायची नाही, म्हणून ते घरी आणि दुकान माझ्याकडे. तोवर मी दुकानात बसायचे ती बोल्ट मोजून द्यायला आणि चहा सांगायला. पण वीस वर्षं बघत होते ना! वीस वर्षं बघितलं की येतं, असा माझा समज होता. त्या हिशोबानं, रोज बघते म्हणून, मला सूर्यही उगवून दाखवता यायला हवा होता. हे ऑपरेशनला निघताना एवढंच म्हणाले, “मोठं काम आलं तर थांबव. रहीमचाचांना विचार.”

रहीमचाचा आमचे घणवाले. सासऱ्यांच्या काळापासूनचे. पाट्यावर हातोडी वाजवून आवाजावरून सांगायचे, हा किती दिवस टिकेल. माणसांबद्दलही सांगायचे, पण हातोडी न वाजवता.

तिसऱ्या दिवशी हिरामण आला. पिशोरच्या पुढं नाल्यापलीकडे त्याची वस्ती. तिशीचा, अंगानं काटक, बोलणं हळू. त्याचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरायचे. आता घरी आठ म्हशी, थोडी मका, थोडी कपाशी. एक जुनी जीप होती, चारही चाकं ओढणारी, कारण वस्तीवरून वर रस्त्याला लागायचं तर तीच लागे. ती जीप म्हणजे त्याचं सगळं. पहाटे वस्तीवरच्या अकरा घरांचं दूध घेऊन शहराबाहेरच्या डेअरीवर, येताना सरकीची पेंड, दुपारी कुणाला दवाखान्यात, संध्याकाळी कुणाला बाजारात. शोभेची गाडी नव्हे, रोजची.

“काकू,” तो म्हणाला, “नाल्यात मागल्या दोन चाकांमधला तो लोखंडी गोळा घासू राह्यला. दोन बोटं उचलून द्या.”

“दोन बोटं?” मी म्हणाले. “गंध लावायचंय का गाडीला?”

चाचा हसले. एक ट्रकवाला बसला होता, तोही हसला. आणि हसणारी माणसं समोर असली की माझं काय होतं ते माझ्या माहेरच्यांना विचारा.

“चार घालू,” मी म्हणाले. “गोळाच काय, नाल्यातला बेडूकसुद्धा लागायचा नाही.”

“चार लई होतील का काकू?”

“लई काय होतंय! वस्तीवर गाडी आली की लांबून दिसली पाहिजे.”

खरी गोष्ट अशी, की रस्त्यापलीकडच्या दुकानदारानं एक जीप तीन बोटं उचलून, पाट्यांना लाल रंग देऊन, आठ दिवस आपल्या दारात उभी केली होती. येता-जाता लोक थांबून बघायचे. मला ती तीन बोटं पोटात टोचत होती. हिरामणला मी आज जे विचारीन, म्हणजे मागं रोज किती वजन असतं, येताना मोकळा येतोस का, वाट कशी आहे, त्यातलं मी काहीच विचारलं नाही. एकच विचारलं, “पाट्यांना रंग हिरवा देऊ की पिवळा?”

चाचांनी मला बाजूला घेतलं. “भाभी, दो-दो पट्टे नक्को डालो. गाडी सख्त होती. दूध का धंदा है उसका, पत्थर का नै.”

“चाचा, तुम्ही घण मारा,” मी म्हणाले.

चाचांनी घण मारला. संध्याकाळी जीप नवरदेवाच्या घोडीसारखी मान वर करून, पिवळे पाटे दाखवत निघाली. समोरचा दुकानदार दारात येऊन बघत राहिला. मी आत जाऊन, कुणी बघत नाही असं पाहून, स्वतःलाच एक पेढा भरवला.

नऊ दिवसांनी हिरामण आला तो शॉकअपचा बोल्ट ढिला झाला म्हणून. गाडीबद्दल तक्रार काही नव्हती. उलट म्हणाला, नाला झ्याक पार होतो. पण चेहरा उतरलेला. चाचा खाली घुसले. मी चहा सांगितला. तो चहा हातातच धरून बसला.

“काय रे, बरं नाही का?”

“आमचं दूध बंद व्हायची पाळी आली, काकू.”

डेअरीत दूध ओतलं की आधी मशीनवर त्याची फॅट बघतात, म्हणजे दुधात स्निग्ध किती. आठवडाभर हिरामणच्या दुधाची फॅट पडत चालली होती. डेअरीवाले म्हणाले, साय काढून दूध आणता. वस्तीवरचे म्हणाले, आमचं दूध तर आटवलेल्यासारखं असतं, मग हिरामणच वाटेत काहीतरी करतो.

“अन् तिथला पोरगा म्हणतो, तू नाय तर तुझी माय काढत आसंल. सगळ्यांम्होरं म्हणला. माझ्या मायनं चाळीस वर्षं दूध घातलं, काकू. पाण्याचा थेंब नाय. आता बाया नळावर तिच्याशी बोलनात. सोमवारी पुन्हा कमी लागलं तर कॅन परत, असं सांगितलंय.”

मी त्याचं ऐकत होते आणि जीपमधल्या रिकाम्या कॅनांकडे बघत होते. एका झाकणाच्या आतल्या कडेला पांढरं काहीतरी चिकटलं होतं. मी उठले, सहज म्हणून गेले, बोट लावलं आणि चाटलं.

म्हशीचं लोणी. ताजं, पांढरंशुभ्र, माझ्या आईनं काढलं असतं तसं.

त्याच वेळी माझ्या डोक्यात चाचांचा आवाज आला, पत्थर का नै. आणि आता मी जे लिहिते आहे ते लिहिताना अजूनही पदर तोंडाला लावावासा वाटतो. मला सगळं कळलं होतं. तरी मी हिरामणला म्हणाले, “झाकणं नीट बसतात का बघ रे.”

एवढंच. तो बिचारा “व्हय, बघतो” म्हणाला आणि गेला. चाचा बोल्ट आवळून आधीच बाहेर आले होते. त्यांनी हात पुसले, माझ्या चाटलेल्या बोटाकडे पाहिलं आणि हातोडी उचलली.

घरी मी जेवण वाढलं. ह्यांच्या डोळ्यावर पट्टी, पण कान शाबूत.

“एका गिऱ्हाइकाच्या दुधाला फॅट लागत नाही म्हणे,” मी भाजीकडे बघत म्हणाले.

“गाडी आपण उचलली?”

“हो.”

“किती?”

“चार.”

“कशानं?”

“पाटे घातले. दोन-दोन.”

ह्यांनी भाकरी मोडली, चुरली, आमटी घेतली. मग म्हणाले, “म्हणजे तू त्याच्या गाडीला रवी लावलीस.”

“मी उद्या गुपचूप पाटे काढून टाकते,” मी म्हणाले.

“काढ. सोमवारी फॅट बरोबर लागेल. मग लोक काय म्हणतील? पकडला गेल्यावर सुधारला. त्या माउलीवरचा डाग पक्का होईल.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाटे काढण्याआधी दाखवून द्यायला हवं होतं, की दूध ज्या गाडीतून येतं ती गाडीच चोर आहे.

“सगळ्यांसमोर सांगावं लागेल,” मी म्हणाले. “समोरचा हसेल.”

“दोन बोटं जास्त हसू दे,” हे म्हणाले आणि ताक मागितलं.

शनिवारी मी दुकानात पोचेपर्यंत हिरामणची जीप पुढं गेली होती. रविवारी तो डेअरीवरून परतताना मी त्याला दुकानाशी अडवलं आणि सगळं सांगितलं. त्यानं वाकून जीपखालच्या पाट्यांकडे पाहिलं.

“लोखंडानं कुठं लोणी निघतं व्हय, काकू?”

“मग मला वस्तीवर घेऊन चल. उद्या दुधाबरोबर मीच येते.”

जीपमध्ये चढतानाच मला माझी चार बोटं पहिल्यांदा कळली. हिरामणनं खाली पेंडीचं पोतं ठेवलं तेव्हा मी वर गेले. खुलताबाद मागं पडेपर्यंत कमान कमरेत आणि कंबर गळ्यात, असा प्रकार झाला. त्यात गाडीत फक्त पेंड आणि रिकामे कॅन. वजन नसलं की ताठ कमान वाकायचं नाव घेत नाही. कन्नडच्या अलीकडे हिरामणनं विचारलं, “बरं हाय ना काकू?” मी म्हणाले, “बोलू नको, जीभ चावली जाते.”

वस्तीवर धुरपदाबाई दारात उभी होती. हिरामणची आई. हिरव्या लुगड्याचा काष्टा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, वय माझ्याहून पाच-सात वर्षं जास्त. मी पाणीसुद्धा न घेता उभ्या उभ्या सांगून टाकलं, कारण बसले असते तर मला पुन्हा गप्प बसायचा मोह झाला असता.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. “म्हंजी माझ्या तोंडाला काळं तुझ्या पाट्यांनी फासलं.”

“हो.”

“अन् तुला कवा कळलं?”

“परवा.”

“परवा,” ती म्हणाली. दोन बोटं हनुवटीला लावून तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “काल सकाळी शेजारच्या जिजाबाईनं माझ्याकडून इरजण घेतलं नाय. पंचवीस वर्षं घेती ती. परवाच सांगितलं असतं तर तेवढं वाचलं असतं.”

मी उगाच चपला सरळ करायला लागले.

“बरं. हात धू. जेव,” ती म्हणाली आणि आत गेली.

जेवायला बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि भाकरीवर तूप. वास असा, की मी अपराधी असूनही दुसरी भाकरी घेतली. मग माझा घास थांबला.

“हे तूप कुठलं?”

“कॅनच्या झाकणाला लागून येतं ना रोज, ते पुसून घेते अन् कढवते,” धुरपदाबाई म्हणाली. “लक्षुमी हाय, टाकायची व्हय? नऊ दिसात बरणी भरली. म्या म्हणलं म्हशीला पेंड मानवली.”

हिरामणचा घास हातातच राहिला. “आई! हे कुणी बघितलं आसतं तर काय म्हणलं आसतं?”

“काय म्हणलं आसतं?”

“म्हणलं आसतं, ही बघा साय काढल्याली!”

धुरपदाबाईनं बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तिला जे हसू फुटलं! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मीही हसले, पण जरा बेतानं. मला तेवढा हक्क नव्हता.

नंतर मी तिला नाला दाखव म्हणाले. ज्या नाल्यासाठी हे सगळं झालं तो निदान बघावा. उजेड होता. पाणी घोट्याएवढं. मधोमध पाण्याखाली एक काळा दगड, मेंढरू बसल्यासारखा.

“हा एकच?” मी विचारलं.

“एकच की! म्या मिरगापासून म्हणू राह्यले, पहार घाल अन् सरकव. त्याला गाडी उचलणं सोपं वाटलं.”

हिरामण दुसरीकडे बघायला लागला. त्यानं आणि शेजारच्या एकानं पहार आणली. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात दगड कडेला गेला. वीस वर्षं कमानीच्या दुकानात बसून मला हे सुचलं नव्हतं, की गाडी उचलण्याआधी वाट बघून यावी.

आता उद्याचं. मी म्हणाले, दूध एकच हवं आणि ते दोन तऱ्हांनी न्यायला हवं. एक जीपच्या मागं, एक हिसके न लागता. पण हिसके न लागता कसं न्यायचं? धुरपदाबाई म्हणाली, “तान्हं लेकरू कसं नेतो? मांडीवर. दूधबी तसंच न्यायचं.”

पहाटे अकरा घरच्या माणसांदेखत एकाच कॅनमधलं दूध तिनं किटलीत ओतलं. झाकणाला फडकं बांधलं, गाठ जिजाबाईला मारायला लावली. मग पुढच्या सीटवर मांडी घालून, मांडीवर उशी, उशीवर किटली, अशी ती बसली. मी मागं कॅनांजवळ. म्हटलं, ज्यानं घुसळलं त्यानं रवीचं सुख घ्यावं.

ते सुख काय सांगू? पहाटेचा गारवा, घाटातली वळणं आणि दर खड्ड्याला मी, कॅन आणि माझी अक्कल असे तिघं एकदम वर जायचो आणि तिघं वेगवेगळे खाली यायचो. शेवटचा कॅन अर्धाच भरलेला होता. त्याच्यातून जो डबक-डबक आवाज येत होता तो मी माहेरच्या स्वयंपाकघरात हजारदा ऐकला होता. पुढं धुरपदाबाई मात्र गणपतीसारखी स्थिर. खड्डा आला की ती कमरेतून जरा वर उठायची, जरा तिरकी व्हायची आणि किटली जागची हलायची नाही. त्या दिवशी मला कळलं, की उत्तम कमान कशी असावी. जिनं चार लेकरं मांडीवर वाढवली आहेत तिच्यासारखी.

डेअरीवर रांग होती. मशीनवर चष्मेवाला तरुण मुलगा. त्यानं आधी किटली भरलेल्या कॅनमधलंच दूध लावलं. फॅट कमी. मग किटलीची गाठ सोडून ते लावलं. आकडा एकदम वर.

मी आनंदानं हात जोडणार तेवढ्यात तो म्हणाला, “बघा! म्हणजे चांगलं दूध किटलीत आणि काढलेलं कॅनमध्ये. आता तर सिद्धच झालं.”

रांगेतले लोक कुजबुजले. हिरामणचा चेहरा पांढरा पडला. माझा पुरावा माझ्याच डोक्यावर आपटला होता. मी “अहो पण पाटे... कमान... हिसके...” असं काहीतरी बोलायला लागले आणि तो म्हणाला, “काकू, तुम्ही कोण?”

तेव्हा धुरपदाबाई पुढं झाली. आवाज चढवला नाही. “पोरा, तुझ्या मायनं कधी लोणी कढवलं का नाय?”

“त्याचा इथं काय संबंध?”

“कॅनाच्या झाकणाला काय लागलंय बघ. ते खरवड, त्याच दुधात टाक. चहाच्या टपरीवरून कडक पाणी आण, त्यात दुधाचं भांडं ठेव. लोणी इरघळंल. मग चांगलं ढवळ अन् मग तुझं मशीन लाव. दूध तेच हाय. तुटलंय फक्त.”

मुलगा नाही म्हणाला असता, पण रांगेतला एक म्हातारा गवळी म्हणाला, “करून बघ की, काय जातंय!” आणि बाकीचे सरसावून जवळ आले. लोणी खरवडलं. भांडं गरम पाण्यात ठेवलं. धुरपदाबाईनं स्वतः हात लावला नाही, पुन्हा कुणी काही म्हणायला नको म्हणून हात पदराखाली घेतले. ते हात पदराखाली गेलेले मला अजून दिसतात. चाळीस वर्षं दूध काढणारे हात लपवून ठेवायची पाळी मी तिच्यावर आणली होती.

मुलानं ढवळलं. मशीन लावलं. आकडा चढला आणि किटलीच्या आकड्याशी येऊन थांबला. त्यानं पुन्हा लावलं. तोच आकडा.

“असं होतं कधी कधी,” तो चष्मा पुसत म्हणाला. “पुस्तकात आहे.”

पुस्तकात होतं तर इतके दिवस पुस्तक कुठं होतं, असं माझ्या जिभेवर आलं. पण त्या दिवशी माझी पाळी वेगळी होती. मी एका रिकाम्या कॅनवर चढले, कारण माझी उंची आधीच कमी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ऐका! ह्या बाईनं दुधाला हात लावला नाही आणि तिच्या पोरानंही नाही. त्यानं दोन बोटं गाडी उचलायला सांगितली, मी मिजाशीत चार उचलली. लोणी माझ्या पाट्यांनी काढलं. कुणाला गाडी उचलून घ्यायची असेल तर पंधरा दिवस माझ्याकडे येऊ नका, आमच्या ह्यांच्या डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत थांबा.”

लोक खो-खो हसले. चष्मेवाल्या मुलानं धुरपदाबाईच्या पायांना हात लावला. तिनं आशीर्वाद दिला, पण जरा थांबून दिला, एवढं मी पाहिलं. ही बातमी माझ्याआधी आमच्या रस्त्यावर पोचली. समोरच्या दुकानदारानं मला हाक मारून विचारलं, “वहिनी, ताक मिळेल का?” महिनाभर विचारत होता.

त्याच दिवशी चाचांनी पाटे उतरवले. माझे चार पिवळे पाटे बाहेर काढून भिंतीशी उभे केले. जुने पाटे तापवून, ठोकून, त्यांना बेतानं बाक दिला. एकेका पाट्यावर हातोडी वाजवून ऐकलं. शॉकअप जरा लांबीचे बसवले. मी फटीत बोटं घातली. दोन. खरं तर दगड सरकल्यावर एकातही भागलं असतं, पण हिरामणनं मागितली होती दोन, आणि त्याचं ऐकायची ही माझी पहिलीच वेळ होती. तेव्हापासून दोन बोटांच्या वर कुणी मागितलं, की मी आधी त्याच्या गाडीत बसून त्याची वाट बघून येते. निम्म्या लोकांना कमान लागतच नाही, पहार लागते. असं सांगून गिऱ्हाइकं परत पाठवली, तरी आमचे हे कधी रागावले नाहीत.

माझ्या चुकीतले पाटे फिरवता आले, तो एक दिवस मात्र फिरवता आला नाही. लोणी चाटून मी गप्प बसले तो. जिजाबाईनं पुढं पुन्हा विरजण न्यायला सुरुवात केली, असं हिरामणकडून कळलं. पण मधला तो एक दिवस कुठल्याही भट्टीत तापवून सरळ होण्यासारखा नव्हता.

दोन दिवसांनी हिरामण शॉकअप दाखवायला आला तेव्हा धुरपदाबाई बरोबर होती. खास आली होती. मी चहा सांगितला, खुर्ची पुसून दिली, पुन्हा एकदा माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हातानंच गप्प केलं. चहा बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यायली. मग उठली, दुकानभर फिरली आणि भिंतीशी उभे केलेले ते चार पिवळे पाटे बोटानं वाजवून बघितले. जीपमध्ये चढली, सीटवर नीट बसली, पदर सारखा केला आणि खिडकीतून मला जवळ बोलावून म्हणाली:

“बाई, ते पाटे भंगारात घालू नको. दिवाळीच्या आधी आठ दिस आमच्या गाडीला पुन्हा बसव. एवढं निगुतीनं लोणी माझ्या सुनंनं जल्मात काढलं नाय.”